काठेकाकांचा न कापलेला सिनेमा

आम्ही गंगापूर रोडवरच्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्या दिवशी आमचं लोखंडी कपाट तीन तास खालीच उभं होतं. कारण जिना बंद होता. पहिल्या पायरीपासून वरपर्यंत खडूनं एक रेघ ओढलेली होती, आणि रेघेच्या एका बाजूला पन्नाशीतले एक गृहस्थ स्टँडवर व्हिडिओ कॅमेरा लावून उकिडवे बसले होते. हमालांनी कपाट उचललं तसा त्यांनी मागे न बघता हात वर केला.

"कपाट मावणार नाही. माणसं भिंतीकडून जाऊ द्या. इकडं काम चालू आहे."

काम म्हणजे एक गोगलगाय. ती तिसऱ्या पायरीवरून चौथ्या पायरीवर चालली होती.

माझे यजमान चिडले. हमालही चिडले. पण करायला दुसरं काही नव्हतं म्हणून हमाल बिडी पेटवून तिथंच बसले आणि बघायला लागले. थोड्या वेळानं एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "चढती हाय रे." दुसरा म्हणाला, "नाय चढायची. कड लय धारेची हाय." मग दोघांची पैज लागली. गोगलगाय चौथ्या पायरीच्या कडेवर अंग लांबवून, धारेवर पोट टेकवून, अलगद पलीकडे उतरली तेव्हा पावणेबारा झाले होते. त्या गृहस्थांनी कॅमेरा बंद केला, गोगलगाईला पानावर घेतलं, बागेत सोडलं, रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "नमस्कार. मी नामदेव काठे. तिसरा मजला. चला, कपाटाला हात लावतो."

आणि खरंच त्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत कपाटाला हात लावला.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे काका मला पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणायला लागले. स्वतः ते ओझरच्या विमान कारखान्यातून नुकतेच मुदतीआधी निवृत्त झाले होते. तिथं ते तपासणी खात्यात होते. विमानाचे पत्रे जोडणारे हजारो रिव्हेट एकेक करून भिंगातून बघायचे, केसापेक्षा बारीक तडा शोधायचा, आणि तडा सापडला की त्या भागाला लाल पट्टी बांधायची. लाल पट्टी बांधली की तो भाग साहेबसुद्धा हलवू शकत नसत. "दिसत नाही म्हणजे नाही असं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य त्या नोकरीतून आलेलं होतं. ते वाक्य ते तड्याबद्दल म्हणायचे, तापाबद्दल म्हणायचे, आणि देवाबद्दलही म्हणायचे.

दुसरं वाक्य होतं, "बघत राहा." ते मात्र फक्त त्यांच्या सिनेमाबद्दल असे.

काठ्यांची मूळची शेती याच भागात होती. गुलाब, शेवंती, झेंडू आणि मधल्या सरींत कोथिंबीर. आमची बिल्डिंग उभी होती तो त्यांच्याच मळ्याचा तुकडा. भावाभावांत वाटणी झाली, विक्री झाली, आणि मळ्याचा शेवटचा कोपरा तेवढा बिल्डिंगच्या मागे पडून राहिला. त्यात एक जुनी विहीर, विहिरीवर वाकलेली एक बाभूळ, आणि बाभळीला लटकलेली सुगरण पक्ष्यांची घरटी. तो कोपराही विकला गेलेला होता, फक्त अजून कोणी हात लावला नव्हता.

काकांचा कॅमेरा बहुतेक वेळ त्या कोपऱ्यात असे. सकाळी सातला जायचं, एक कॅसेट पूर्ण भरायची, परत यायचं. विहिरीचं पाणी. गवतावरचा थेंब. चतुराचं पंख वाळवणं. मधे थांबायचं नाही, जवळ-लांब करायचं नाही, नंतर काही कापायचं नाही. कोपऱ्यात तारीख आणि वेळ उमटलेली असलीच पाहिजे. कारखान्यातल्या तपासणीच्या कागदावर असायची तशी.

असा माणूस हाताशी असताना बिल्डिंगमधल्या लोकांना वाटलं, लग्नाचं शूटिंग यांच्याकडूनच करून घ्यावं. आमचे चेअरमन देवरेसाहेब, मूळचे कळवणचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मोठ्या विश्वासानं काकांना कॅमेरा घेऊन बोलावलं. पंधरा दिवसांनी कॅसेट आली. देवऱ्यांच्या हॉलमध्ये सगळे जमले. सुरुवातीला मंडपाचा खांब दिसला. मग खांबाच्या बुडाशी मुंग्यांची एक रांग दिसली, आणि कॅमेरा तिथंच राहिला. मागून मंगलाष्टकं ऐकू येत होती. 'सावधान' झालं की वरून अक्षता पडायच्या आणि मुंग्यांची धांदल उडायची. एकेक मुंगी हळदीच्या तांदळाचा दाणा ओढत खांबामागे न्यायची. देवऱ्यांच्या सौभाग्यवतींनी दोनदा विचारलं, "प्रियंका कधी येते?" काका म्हणाले, "बघत राहा." शेवटी प्रियंका आली, म्हणजे तिची पावलं आली. ती मुंग्यांना ओलांडून गेली. एकही मुंगी चिरडली नाही, हे काकांनी कौतुकानं सांगितलं.

देवरेसाहेब पुढं दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत.

गणपतीत काकांनी बिल्डिंगच्या गच्चीवर विहिरीच्या पाण्याचा सिनेमा दाखवला. काळं, संथ पाणी. मधेच वीज गेली, तर पाच मिनिटं ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. आम्ही अंधाऱ्या टीव्हीकडे अगदी भक्तिभावानं बघत बसलो होतो.

पण त्या गच्चीवर एक पाहुणी होती. कुणाची तरी भाची, चित्रकलेच्या कॉलेजात शिकवणारी, मृणाल नावाची. तिनं नंतर काकांना गाठलं आणि विचारलं, की हे तुम्ही कुठं शिकलात. परदेशात लोक असं काम करतात, त्याला व्हिडिओ आर्ट म्हणतात, आपण याचं प्रदर्शन लावू. काका घाबरले. "आर्ट नाही हो ताई. तपासणी आहे ही." पण ती सोडेना. फक्त तिची एक अट होती, कोपऱ्यातली तारीख झाकायची, ती चित्राला मारते. काकांनी मान हलवली. "तारीख काढली तर काय उरलं? थेंब केव्हा होता हेच कळणार नाही." तारीख राहिली.

प्रदर्शन शहरातल्या एका हॉलमध्ये लागलं. चार टीव्ही, चारांवर चार सिनेमे. मी शाळा सुटल्यावर रोज जात होते, म्हणून मला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवशी एका गृहस्थांनी विचारलं, "केबल गेलीय का?" दुसरे एक जण दहा मिनिटं बसून, घड्याळ बघून म्हणाले, "मुख्य पिक्चर कधी सुरू होतो?" वर्तमानपत्राचा एक वार्ताहर आला आणि त्यानं काकांना विचारलं, "यातून आपल्याला पर्यावरणाविषयी काय म्हणायचंय?"

काका म्हणाले, "मला काही म्हणायचं नाही. ते आहे तोवर बघून घेतोय."

वार्ताहरानं ते लिहून घेतलं नाही.

एका दुपारी मात्र बाजारातली एक भाजीवाली उन्हाची म्हणून आत आली. टोपली बाहेर ठेवून सुगरणींच्या टीव्हीसमोर बसली ती तासभर उठली नाही. जाताना म्हणाली, "आमच्या इहिरीवर बी व्हते हे. आता इहीरच नाय." काकांनी तिला दारापर्यंत सोडलं, तिची टोपली उचलून दिली. परत आले तेव्हा चेहरा असा, की जणू तपासलेल्या विमानाला उडायची परवानगी मिळाली आहे.

आता मला जे सांगायचं आहे त्यात मी फार चांगली दिसत नाही. काकांची पत्नी इंदूकाकू. त्यांना संधिवात होता, गुडघे पार आखडलेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे त्या कित्येक वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही बायका गॅलरीतून काकांना स्टँड खांद्यावर टाकून विहिरीकडे जाताना बघायचो आणि एकमेकींना म्हणायचो, घरात बायको अंथरुणाला आणि हे मुंग्या मोजतायत. एकदा मला राहवलं नाही. जिन्यात गाठून मी म्हटलं, "काका, रोज दोन तास पाखरांना देता. त्यातला एक काकूंना द्या की."

ते थांबले. चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे तुमचं, बाई," म्हणाले, आणि खाली उतरून विहिरीकडे गेले.

मला फार राग आला होता.

दोन हजार तीन-चारच्या पावसाळ्याच्या शेवटी, पाऊस जरा उघडला असताना, एका सकाळी मागच्या कोपऱ्यात बुलडोझर आला. विहीर बुजवायची, बाभूळ पाडायची, जमीन सपाट करायची. बाभळीवर तेव्हा घरटी भरलेली होती. घरटी विणायचं काम नराचं. मादी येऊन तपासते, नापास केलं की ते अर्धवट सोडून नर दुसरं विणायला घेतो. ("आमच्या खात्यात अशी एक बाई हवी होती," काका म्हणायचे.) पास झालेल्या घरट्यांत पिल्लं होती. ती दिसत नव्हती. मादी चोचीत किडा घेऊन नळीतून आत शिरली की घरटं थरथरायचं, तेवढंच.

मी शाळेला निघाले होते. मशीनचा आवाज ऐकून मागे गेले, तर काका बाभळीखाली उभे. बुंध्याला लाल कापडाची पट्टी बांधलेली आणि तिला पुठ्ठा अडकवलेला : 'तपासणी चालू आहे. हलवू नये.' खाली सही, तारीख, वेळ.

मशीनवरचा माणूस, लक्ष्मण त्याचं नाव, पेठकडचा, वरून म्हणाला, "काका, बाजूला व्हा. मला आज इहीर भरायची हाय."

"भरा," काका म्हणाले. "पण आधी खाली उतरून एवढं बघा."

त्यांनी कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडून त्याच्यासमोर धरला. लक्ष्मण उतरला. आधी उभ्यानं बघितलं, मग बसला.

"घरटं कशापायी हलतंय?"

"आत भूक लागलीय."

लक्ष्मणनं पडद्यावरून मान वर करून खऱ्या घरट्याकडे बघितलं. तेही हलत होतं. "किती दिस लागतील उडायला?"

"पंधरा. फार तर वीस."

लक्ष्मणनं मशीन बंद केलं. तेवढ्यात जागेचे मालक, बिल्डर, गाडीतून आले. मशीन बंद बघून त्यांचा पारा चढला. पुठ्ठा वाचून आणखी चढला. "ही कुठली तपासणी? कुणी दिली परवानगी?" काकांना भांडता येत नव्हतं. कारखान्यात लाल पट्टी बांधली की पुढं बोलावं लागत नसे, आणि इथं त्या पट्टीला कुणी विचारत नव्हतं. बिल्डर लक्ष्मणला म्हणाला, "चल, चढ वर."

"माझ्याच्यानं नाय व्हायचं साहेब," लक्ष्मण म्हणाला. "दुसरा माणूस बघा."

"दुसरा आणतो. उद्याच आणतो."

मी वीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं आहे. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "पितृपक्षात विहीर बुजवताय, साहेब?"

बिल्डर वळला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आमच्याकडे बुजवत नाहीत. पाणी पितरांचं असतं ना. एकानं बुजवली होती." त्या एकाचं पुढं काय झालं हे मलाच माहीत नव्हतं.

माझ्या मागून आवाज आला, "आमच्या कळवणकडंपण नाही बुजवत." देवरेसाहेब बनियनवर उभे होते. "दसरा झाला की काढा मुहूर्त. चांगलं काम आहे, वाईट दिवसांत कशाला सुरू करता?"

बिल्डरनं आमच्या तिघांकडे बघितलं, विहिरीत बघितलं, आणि तो खिशातून मोबाईल काढून कुणाशी तरी बोलला. मग म्हणाला, "दसऱ्यापर्यंत. त्याच्यापुढं एक दिवस नाही." गाडी गेली. काका विहिरीच्या काठावर बसले. लक्ष्मणनं त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं.

जरा वेळानं काकांनी मला विचारलं, "बाई, हे पितरांचं शास्त्रात आहे?"

"नाही."

"मग?"

"दिसत नाही म्हणजे नाही असं नाही," मी म्हटलं. काठेकाकांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. देवरेसाहेबही हसले. परत जाताना ते काकांना सहज म्हणाले, की प्रियंकाचा मुलगा आजोळी आला की तीच मुंग्यांची कॅसेट लावायला लावतो, निम्मी तर झिजली, दुसरी प्रत असेल तर द्या.

चार दिवसांनी भुरभुर पावसात उभं राहून काकांना ताप भरला. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, बाईंना वर बोलावलंय. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात पाऊल टाकलं. भिंतभर कॅसेट, प्रत्येकीवर तारीख. काका खाटेवर पांघरूण घेऊन पडलेले आणि शेजारच्या पलंगावर उशांना टेकून इंदूकाकू बसलेल्या, हातात टीव्हीचा रिमोट.

"तुम्ही उद्या सकाळी तासभर कॅमेरा लावाल का?" काका म्हणाले. "खंड पडायला नको."

मी हो म्हटलं आणि कसा लावायचा ते विचारलं. सांगायला सुरुवात काकांनी केली, पण दुसऱ्याच वाक्याला काकूंनी त्यांना थांबवलं.

"अहो, तुम्ही राहू द्या. ऐक गं. स्टँड पंपाच्या चौथऱ्यावर ठेव. टोकाचं घरटं सोड, ते रिकामं आहे. मधल्या तिघांवर धर. आणि पाण्याची रेघ खाली जरा दिसू दे. यांच्याकडून पाणी नेहमी सुटतं."

"सुटत नाही," काका पांघरुणातून म्हणाले.

"मंगळवारी सुटलं होतं."

मग एकेक कळत गेलं. काकू लग्न होऊन आल्या त्या त्या विहिरीवरच. बावीस वर्षं पहाटे त्या बाभळीखाली त्यांनी फुलं तोडली होती. गुडघे गेले, मळा गेला, आणि ज्या महिन्यात त्या शेवटचं जिना उतरल्या त्याच महिन्यात काकांनी नोकरी सोडून कॅमेरा आणला होता. रोज सकाळी दोन तास खाली, मग पुन्हा दोन तास दोघांनी टीव्हीसमोर. आज थेंब धरा, उद्या पलीकडून घ्या, चतुर दिसला तर सोडू नका, हे सगळं पलंगावरून ठरत होतं.

"कापत का नाहीत हो?" मी विचारलं. "मधलं काही घडत नाही ते?"

"मी तिथं बसले असते तर मधलं कापलं असतं का?" काकू म्हणाल्या.

मी जिन्यात काकांना काय बोलले होते ते मला आठवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली आहे. पावसाचा थेंब काचेला लागू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी तासभर शूटिंग केलं. वर नेऊन दिलं. काकूंनी पूर्ण बघितलं आणि विचारलं, "इथं हात का हलला?"

"मुंगी चावली."

"मग ठीक आहे."

पिल्लं नवरात्रात उडाली. एकदम नाही, दोन-तीन दिवस एकेक करून. शेवटचं घरटं हलायचं थांबलं तेव्हा काकांनी पुठ्ठ्यावर 'पास' लिहिलं आणि लाल पट्टी सोडली. मला एवढं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी वर्गाला गृहपाठ दिला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मण मशीन घेऊन आला. काम सुरू करायच्या आधी तो जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेला, काकांना सांगायला, की आज करावं लागणार. काकूंनी ते आतून ऐकलं. बाहेर आवाज दिला, "मला एकदा खाली नेता का रे?"

काका म्हणाले, डॉक्टर नको म्हणतील. काकू म्हणाल्या, डॉक्टरांना कोण विचारतंय. मग लाकडी खुर्ची आली. लक्ष्मण आणि माझे यजमान पुढं, देवरेसाहेब आणि काका मागं, अशी ती खुर्ची चौघांनी पायरी-पायरीनं उतरवली. प्रत्येक वळणावर काकू म्हणत होत्या, "हळू. भिंतीला घासेल." मी पुढं चपला बाजूला करत चालले होते.

विहिरीजवळ खुर्ची ठेवली. रिकामी घरटी वाऱ्यावर हलत होती. काकूंनी वर बघितलं, मग वाकून पाणी बघितलं, मग वाकता येईल तेवढं वाकून काठाच्या दगडावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. लक्ष्मण मशीनपाशी जाऊन पाठमोरा बसला. बाकीचे हळूहळू वर गेले.

मी काकांना हलकेच म्हटलं, "कॅमेरा आणू का? तुम्ही विसरलात."

"विसरलो नाही," ते म्हणाले. "आज कशाला?"

ऊन चढायला लागलं होतं. काकू वर न बघता म्हणाल्या, "अहो, डोक्यावर काहीतरी धरा."

काकांनी खांद्यावरचा पंचा सोडला, दोन्ही हातांनी ताणून त्यांच्या डोक्यावर धरला आणि उभे राहिले. सूर्य सरकला तसे तेही थोडे थोडे सरकत होते. पाण्याकडे, झाडाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.